पाच बोटे, पाच अक्षरे

भारनियमनाची ती वर्षे आमच्या निवासी शाळेचा कोणी माजी विद्यार्थी विसरला असेल, असे वाटत नाही. सायंकाळची वंदना आटोपल्यावर भोजनाच्या घंटेपर्यंत पाऊण तास उरत असे आणि वीज नेमकी त्याच पाऊण तासात जाई. कंदील होते ते स्वयंपाकघरात लागत. अभ्यासिकेत पुस्तक उघडणे अशक्य आणि शंभराहून अधिक मुलांना अंधारात स्वस्थ बसविणे त्याहून अशक्य. ह्या अडचणीतून एक खेळ निघाला आणि वीज नियमित झाल्यावरही तो टिकला. शाळेचा इतिहास लिहिताना इमारती, देणगीदार आणि निकाल ह्यांची नोंद सर्वच घेतात. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. ज्याची नोंद होत नाही तेच आधी नाहीसे होते, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ह्या खेळावरच लिहावयाचे ठरविले.

खेळ साधा होता. एकाने शब्दाची लांबी आणि त्यातील काही अक्षरे सांगावयाची. इतरांनी शब्द शोधावयाचा. ‘पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, त्यात आर, ए आणि डी पाहिजेत’, असे म्हटले की मुले अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेका बोटावर एकेक अक्षर बसवून पाहू लागत. कोणी ‘ब्रेड’ म्हणे, कोणी ‘बोर्ड’, कोणी ‘रेडिओ’. एखादा ‘हर्ड’ म्हणाला तर त्याला स्पेलिंग विचारावे लागे. कारण कळप ह्या अर्थाचा ‘हर्ड’ चार अक्षरांचा, त्यात ए नाही, आणि ‘ऐकले’ ह्या अर्थाचा पाच अक्षरांचा, त्यात ए आहे. लांबी बहुधा पाचच असे, कारण एका हाताची बोटे पाच. एक नियम मात्र आम्ही पहिल्या दिवसापासून घातला होता. शब्द सांगणाऱ्याने त्याचा अर्थही सांगावा; अर्थ आला नाही तर शब्द बाद.

येथे वाचकांस एक विनंती. हा लेख देवनागरीत छापला जात आहे आणि हा खेळ तर रोमन अक्षरांचा. तेव्हा पेन्सिल हाती घेऊन शब्द समासात लिहीत गेलात, तर गंमत अधिक कळेल.

मराठी शब्दकोडे सोडविणाऱ्यास ‘अक्षर’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. एका चौकटीत एक अक्षर, मग त्याला काना असो, मात्रा असो की ते जोडाक्षर असो. ‘स्वातंत्र्य’ हा एवढा भारदस्त शब्द तीन चौकटींत मावतो. इंग्रजीत तसे नाही. बळ ह्या अर्थाचा ‘स्ट्रेंग्थ’ आपल्या हिशेबाने दोन चौकटींचा. इंग्रजीत तो आठ अक्षरे खातो आणि त्यांतील स्वर एकच. रांग ह्या अर्थाचा ‘क्यू’ आपल्याकडे एका चौकटीचा. इंग्रजीत तो पाच अक्षरांचा. त्यातली शेवटची चार पुसून टाकली तरी उच्चार तोच राहतो! मुले ह्यावर खूप हसत. मागे चार जण उगीच उभे आहेत, म्हणूनच त्याला रांग म्हणतात, असे एकदा पाचवीतल्या एका मुलीने सांगितले होते.

ज्यांच्या घरात इंग्रजीचे वर्तमानपत्र कधी आले नाही, त्या मुलांच्या मनात इंग्रजीविषयी जी धास्ती असते तिचे मूळ बरेचसे येथेच आहे. मराठी वाचणारा मूल जसे ऐकतो तसे लिहू शकतो. इंग्रजीत ऐकून लिहिता येत नाही आणि पाहून बोलता येत नाही. ज्यांच्या घरी ती दोन पिढ्या बोलली जाते त्यांना हे कळत-नकळत येते. इतरांना ते कोणाच्या तरी वडिलोपार्जित वाड्यासारखे वाटते, आतल्या खोल्या कोठे आहेत ते फक्त घरच्यांनाच ठाऊक. 1854 साली ‘काव्यफुले’ ह्या संग्रहात सावित्रीबाई फुले ह्यांनी इंग्रजी शिका असे आपल्या लोकांना कळकळीने सांगितले. आमच्या मुलांना शिकावयाचे होतेच. दार कोणत्या बाजूला आहे एवढेच त्यांना हवे होते. अक्षरे मोजणे हे आम्हांला सापडलेले एक दार.

मोजू लागले की घराची रचना दिसू लागते. क्यू आले की पाठोपाठ बहुधा यू येणारच. व्ही किंवा जे ह्या अक्षरांवर शब्द सहसा संपत नाही. सी, एस, टी ह्यांच्यापुढे एच बसण्याची शक्यता मोठी. मुलांनी ह्याचे आपल्या बोटांच्या भाषेत नियम करून ठेवले होते. ‘ई मिळाली तर आधी करंगळीवर बसवून बघ’, ‘एस मिळाला तर अंगठ्यावर’. दोन्ही नियम शास्त्रशुद्ध आहेत. उच्चारात न येणारी ई इंग्रजी शब्दांच्या शेवटी विपुल आढळते, आणि इंग्रजी शब्दकोशात एस ह्या अक्षराची पाने सर्वांत अधिक असतात.

एका वर्षी सहावीच्या वर्गात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एक मुलगा आला. आईवडील ऊसतोडीला जाणारे. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीच्या सुमारास गाव सोडावयाचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतावयाचे. प्रत्येक इयत्तेचे अर्धे वर्ष त्याने फडावर घालविलेले. प्रवेशाच्या दिवशी त्याच्या आईने विचारले होते, “सर, ह्याला इंग्रजी जमंल का?” आम्ही होय म्हणालो; शिक्षकाला दुसरे काही म्हणता येत नाही. मुलाला एबीसीडी येत होती, त्यापुढे फारसे काही नाही. पहिले दोन महिने तो खेळात गप्प बसून असे. मग एका रात्री ‘पाच अक्षरे, जी-एच-टी हवेत’ असे कोणी म्हणाले. एकाने ‘नाइट’ सांगितला. दुसऱ्याने ‘लाइट’. तेव्हा अंधारातून ह्याचा आवाज आला, “सर, मागची चार तशीच ठेवून पुढचं एकच बदलत जायचं का?” आणि तो एकामागून एक शब्द काढू लागला. राइट, साइट, टाइट, फाइट, माइट. अर्थ त्याला निम्म्यांचेच येत होते. उरलेल्यांचे त्याने दुसऱ्या दिवशी शब्दकोशातून लिहून आणले. आठव्या जागी ई ठेवली तेव्हा उच्चार एकदम बदलला आणि ‘एट’ म्हणजे आठ हा शब्द निघाला. मोजून आठवा शब्द, आणि अर्थही आठ!

इतिहासाच्या शिक्षकाला येथे राहवत नाही. हे मधले जी-एच मुके का, असे मुलांनी विचारले तेव्हा आम्ही सांगितले की ते जन्मतः मुके नव्हते. जुन्या इंग्रजीत तेथे घशातून येणारा एक आवाज होता. विल्यम कॅक्सटनने 1476 साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला, पुढे स्पेलिंगे गोठत गेली. लोकांचे बोलणे मात्र बदलत राहिले. आवाज गेला, खिळे राहिले. उत्खननात घराचा पाया सापडावा आणि भिंती नसाव्यात, तसा प्रकार. ‘नाइट’ आणि संस्कृत ‘नक्त’ एकाच कुळातले. तसेच हा ‘एट’, संस्कृत ‘अष्ट’ आणि आमची मुले रोज म्हणतात तो पालीतील ‘अट्ठ’ हे एकाच आजीची नातवंडे आहेत. ‘अट्ठंगिको मग्गो’ म्हणणाऱ्या मुलांना इंग्रजी ‘एट’ हा आपला भाऊबंद आहे हे कळले, तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले असतील; दुर्दैवाने वीज नव्हती.

एकच अक्षर बदलत जाण्याची त्या मुलाची युक्ती एकोणिसाव्या शतकात एका गणितज्ञालाही सुचली होती, हे आम्ही त्याला सांगितले. ऑक्सफर्डला गणित शिकविणारे आणि ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरॉल ह्यांनी 1877 च्या नाताळात, करण्यासारखे काही नाही अशी तक्रार करणाऱ्या दोन मुलींसाठी असा खेळ तयार केला आणि 1879 पासून ‘व्हॅनिटी फेअर’ ह्या नियतकालिकात ‘डब्लेट्स’ ह्या नावाने तो छापला. सारख्या लांबीचे दोन शब्द द्यावयाचे. दर पायरीला एक अक्षर बदलून एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचावयाचे, आणि मधली प्रत्येक पायरी हा खरा शब्द असला पाहिजे. ‘हेड’पासून ‘टेल’, म्हणजे डोक्यापासून शेपटापर्यंत, त्यांचा रस्ता असा : हेड, हील, टील, टेल, टॉल, टेल. देवनागरीत ह्यात ‘टेल’ दोनदा आला. पहिला ‘सांगणे’ ह्या अर्थाचा आणि दुसरा शेपटीचा. कानाला एक, अक्षरांना दोन. मुलाने मान डोलविली आणि चार दिवसांनी आपला रस्ता वहीत लिहून आणला. ‘केन’ म्हणजे ऊस. तेथून ‘केज’ म्हणजे पिंजरा. तेथून ‘पेज’ म्हणजे पान. दोन पायऱ्या. आम्ही ती वही परत करताना त्यावर काही शेरा लिहिला नाही.

त्या मुलाला दहावीला इंग्रजीत बेताचेच गुण मिळाले, हेही येथे नोंदविले पाहिजे. आमचे एक सहकारी तेव्हापासून म्हणत आले आहेत की, हा खेळ म्हणजे इंग्रजी नव्हे. ह्याने वाक्य येत नाही, बोलणे तर नाहीच. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. अक्षरांच्या ओळखीने भाषा येत नाही. पण अक्षरांची भीती गेल्याशिवाय भाषेच्या जवळही जाववत नाही, हे उरलेले निम्मे. ज्या मुलाने दहा वर्षांत घरी शब्दकोश पाहिला नव्हता, तो ग्रंथालयातला शब्दकोश रात्री उशाशी घेऊन निजू लागला, एवढे आम्ही पाहिले आहे.

पुढे वीज आली तसा खेळ पुठ्ठ्यावर उतरला. स्क्रॅबलचा डबा विकत घेण्याऐवजी मुलांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीचे चौकोन कापले. कोणते अक्षर किती वेळा घ्यावयाचे, हा प्रश्न आला. आम्ही सव्वीस मुलांना एकेक अक्षर वाटून दिले आणि इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातले एक पान मोजावयास बसविले. ई पहिली आली. क्यू आणि झेडवाली मुले हात चोळीत बसली. मग सांगितले की मंदीच्या काळात नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स ह्या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रांतील अक्षरे अशीच मोजून आपला खेळ बेतला. 1948 साली त्याला स्क्रॅबल हे नाव मिळाले. त्याच्या 100 सोंगट्यांत ई 12 आहेत. जे, के, क्यू, एक्स आणि झेड प्रत्येकी एक. एस त्याने चारच ठेवले, नाहीतर जो तो शब्दाला एस चिकटवून अनेकवचन करीत सुटला असता. आणि अक्षरे मोजून गुप्त लिपी उलगडता येते, हे बट्सच्या हजारएक वर्षे आधी, नवव्या शतकात, बगदादच्या अल्-किंदी ह्या विद्वानाने लिहून ठेवले होते.

एका जयंतीला मुलांनी बाबासाहेबांच्या आडनावाची आठ अक्षरे फळ्यावर मांडली : ए, एम, बी, ई, डी, के, ए, आर. तासाभरात फळा भरला. ‘रीड’ म्हणजे वाचणे, ‘ब्रेड’ म्हणजे भाकर, ‘ड्रीम’ म्हणजे स्वप्न, ‘ब्रेक’ म्हणजे तोडणे, ‘एम्बार्क’ म्हणजे प्रवासास निघणे. एका मुलीने ‘डिबार’ काढला. म्हणजे प्रवेश नाकारणे, बंदी घालणे. ते वाचून सभागृह थोडे गप्प झाले. आलेल्या पाहुण्यांपैकी एकांनी भाषणात ह्याला चमत्कार म्हटले. आम्हांला ते पटले नाही आणि मुलांसमोरच सांगावे लागले. त्याच अक्षरांतून ‘डार्क’ म्हणजे काळोख निघतो, ‘ड्रॅब’ म्हणजे कळाहीन निघतो आणि ‘बीक’ म्हणजे चोचही निघते. ए, ई, आर, डी असलेल्या कोणत्याही नावातून असे शब्द मिळतील. अक्षरांना अर्थ ठाऊक नसतो. तो आपण आणतो. ज्या नावाने आपल्याला शकुन-अपशकुन सोडावयास शिकविले, त्या नावातच शकुन शोधणे बरे नव्हे. पाहुणे मनाला लावून घेणारे नव्हते. जेवताना त्यांनीच ‘बेकर’ शोधून काढला.

शब्दांवरून खरा वाद आमच्याकडे एकदाच झाला. आठवीच्या मुलांपुढे कोडे होते : सहा अक्षरे, त्यांत पी, आर आणि एच. एक मुलगा शब्दकोशातून ‘पराया’ असे वाचीत आला. आपल्या ‘परक्या’शी त्याचे काही नाते असेल असे त्याला वाटले. शब्द होता पी-ए-आर-आय-ए-एच. अर्थ दिला होता, समाजाने वाळीत टाकलेला माणूस. नियमाप्रमाणे अर्थ सांगितला होता, तेव्हा गुण द्यावयास हवे होते. पण हा शब्द इंग्रजीत आला कोठून ते सांगणे आम्हांला भाग होते. तमिळ प्रदेशातील परैयर ह्या अस्पृश्य ठरविलेल्या समाजाच्या नावावरून तो आला. त्या नावाचा संबंध ‘परै’ ह्या वाद्याशी जोडतात. आपल्या हलगीसारखे चामड्याचे, काडीने वाजविण्याचे वाद्य. सतराव्या शतकापासून तो इंग्रजी लिखाणात दिसतो आणि पुढे जगातल्या कोणाही बहिष्कृताला, देशालादेखील, लावला जाऊ लागला. एका जिवंत समाजाचे नाव सामान्यनाम झाले. आजही वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ते सहज छापले जाते, आणि छापणाऱ्यापुढे कोणाचाही चेहरा नसतो.

वर्गात दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, हा शब्द आपल्या खेळात नको. दुसऱ्याचे म्हणणे, शब्दकोशात आहे, लांबी बरोबर, अक्षरे बरोबर, अर्थ सांगितला. मग आपल्यालाच नियम का मोडावयाचा? आम्ही दोन्हीकडची उदाहरणे ठेवली. कॅरॉलच्या खेळाचा नियमच होता की सभ्य समाजात चालतील असेच शब्द वापरावेत. मात्र सभ्य समाज कोणाचा, हे त्या काळी कोणी विचारीत नव्हते. उलट 2020 साली उत्तर अमेरिकेतील स्क्रॅबल खेळाडूंच्या संघटनेने माणसांना हिणविणारे अनेक शब्द आपल्या यादीतून काढून टाकले. तेथेही काही जुने खेळाडू चिडले. सोंगट्यांवरच्या अक्षरांना कसला आला अपमान, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मुलांनी ते ऐकले. वाद दोन संध्याकाळ चालला, भोजनाची घंटा झाली तरी कोणी उठेना. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने तोडगा सांगितला. शब्द घ्यावा, वहीत लिहावा, कोठून आला तेही लिहावे. गुण मात्र शून्य द्यावेत. तो शब्द खोडला तर पुढच्या वर्षीच्या मुलांना काहीच कळणार नाही, आणि त्याला गुण दिले तर कोणीतरी त्यावर जिंकेल. मतदान झाले नाही; लागले नाही. खेळाच्या वहीत तो शब्द त्याच मुलीच्या अक्षरात आजही आहे आणि त्यापुढे शून्य आहे. त्यानंतर आलेल्या प्रत्येक तुकडीने ते शून्य का, असे विचारले आहे, आणि उत्तर देण्याचे काम आधीच्या तुकडीकडे असते. शिक्षकाने मध्ये बोलावयाचे नाही.

जोश वॉर्डल ह्यांचा ‘वर्डल’ हा खेळ 2021 च्या अखेरीस जगभर पसरला आणि जानेवारी 2022 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. पाच अक्षरांचा शब्द, सहा प्रयत्न. अक्षर योग्य जागी असेल तर चौकोन हिरवा, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळा. तेव्हापासून माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी हिरव्या-पिवळ्या ओळी येऊ लागल्या आहेत. पुण्याहून येतात, आखातातून येतात. “सर, आपलाच खेळ”, असे बहुतेक जण लिहितात. आपला नाही, हे आम्ही कळवितो; पण करंगळीवर ई ठेवून पाहिली का, असेही विचारतो. त्या खेळात अर्थ सांगावा लागत नाही, ही मात्र आमच्या मते त्याची उणीव आहे.

ह्या वर्षीच्या मुलांनी संविधानाच्या उद्देशिकेतील शब्द घेतले आहेत. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या बारा अक्षरांतून त्यांना ‘युनियन’ मिळाला, ‘ट्युशन’ मिळाला. ए आणि ई नसल्याने ‘इक्वल’ काही केल्या मिळेना, ह्याची त्यांना रुखरुख आहे. आता ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे बंधुता हा दहा अक्षरांचा शब्द फळ्यावर आहे. त्यातून सात अक्षरांचे शब्द शोधावयाचे आहेत. ‘ट्रेनर’, ‘टेरेन’ आणि ‘टेरिफाय’ हे तीन सापडले आहेत : शिकविणारा, भूप्रदेश आणि घाबरविणे. आणखी निदान चार आहेत, हे आम्हांला माहीत आहे आणि मुलांना सांगितलेले नाही. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी प्रयत्न करावा, आणि उत्तरे स्पेलिंग व अर्थासह शाळेच्या कार्यालयाकडे पाठवावीत.